तळ्यातल्या देवीचा कौल

॥ श्री जाखाई प्रसन्न ॥

नवी वाडी, वलवण, पोस्ट लोणावळे
ता. ६ मे १९३८

चिरंजीव महिपती यास रखमाजीचे अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी मी तांब्या, हळदकुंकू आणि परडीभर फुले घेऊन तळ्यात उतरलो. पुण्यात बसून हे वाक्य तुला चमत्कारिक वाटेल. तू या वाडीतून गेलास तेव्हा पाच वर्षांचा होतास आणि इथे तळे नव्हते, आपली करंजवाडी होती. पुढे धरण झाले, वाडी पाण्याखाली गेली आणि आम्ही वर टेकडीला आलो. देवी तेवढी खालीच राहिली. वैशाखात पाणी ओसरले की वाडीची जोती उघडी पडतात, देवीही उघडी पडते आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत मला तिच्या अंगाला हात लावून पूजा करता येते. बाकीचे महिने मी काठावरून फुले सोडतो. ती माशांना पोचतात.

तर परवा उतरून पाहतो, देवीच्या चौथऱ्यावर सतरंजी अंथरलेली. सतरंजीवर मुंबईची चार माणसे, चहाची थर्मास आणि तुझे ‘सचित्र लोणावळे-खंडाळे सोबती’. तू पाठवलेली प्रत मी देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती, उघडली नव्हती. माझी चूक. उघडली असती तर तळ्यात उतरताना अंगात सदरा घातला असता.

त्यातले एक गृहस्थ अदबीने उठले आणि म्हणाले, “आपण इथले भिक्षू का?”

“नाही, गुरव.”

“गुरव म्हणजे कोणता पंथ?” त्यांच्या बाईंनी विचारले.

“पोटाचा,” मी म्हणालो. बाईंनी ते वहीत टिपून घेतले.

मग त्यांनीच मला माझी वाडी दाखवली. तुझे पुस्तक हातात धरून ते पुढे आणि मी मागे. ‘सातवाहनकालीन विहाराचे हे अवशेष केवळ ग्रीष्मात जलसमाधीतून वर येतात.’ भिक्षूंचे स्नानकुंड पाहिले. ती आपल्या बैलांची पाणी प्यायची डोण आहे. धर्मचर्चेचे आसन पाहिले. तिथे तुझे वडील विडी ओढत बसत, चर्चाही होई, पण ती म्हशीच्या दुधाची. शेंदराच्या पुटांखाली देवीच्या जागी तुला झिजलेली यक्षी दिसली म्हणे. मी तीस वर्षे तिला शेंदूर लावतो, मला दिसली नाही. माझा चष्मा लोणावळ्याच्या बाजारातला आहे.

घरी येऊन मग पुस्तक सगळे वाचले. राजमाचीचा किल्ला तू दक्षिणेला नेऊन ठेवलास, तो इतकी वर्षे उत्तरेला कंटाळला असेल. चिक्की पेशव्यांच्या स्वारीसोबत आल्याचे मी बाजारातल्या हलवायाला वाचून दाखवले. तो म्हणाला, “मंग माज्या आज्यानं काय केलं?” घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनांचे वर्णन मात्र छान आहे. ती तू डोळ्यांनी पाहिलीस, म्हणून असेल.

एक राहिले. पान एकतीस, छायाचित्रासह: ‘प्रमुख भिक्षूची ध्यानकोठडी, भिंतीतील कोनाड्यात अखंड दीप तेवत असे.’ दीप तेवत असे हे खरे आहे. ती सरुकाकूची देवळी आणि कोठडी म्हणजे तुमचे माजघर. प्रमुख भिक्षूचा जन्मही तिथेच झाला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि दाराबाहेर ऊन पाण्याचे घंगाळ धरून उभा होतो. भिक्षू खूप रडला. नाव महिपती ठेवले.

काकूस शि. सा. नमस्कार.

तुझा,
रखमाजी


शुक्रवार पेठ, पुणे
ता. ११ मे १९३८

तीर्थरूप रखमाजीदादा यांस महिपतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. छापखान्यात उभ्याने वाचले, मग खुर्ची मागवली.

दादा, माझी बाजू ऐका. प्रकाशकाने मला लोणावळ्यावर पुस्तक मागितले. धुक्याला तीन पाने झाली, बंगल्यांना दोन, चिक्कीला एक. एवढ्यावर पुस्तक होत नाही, जाहिरात होते. इतिहास लागतो. कार्ले, भाजे हाकेच्या अंतरावर, तिथे लेणीच लेणी आणि आपल्या वाटणीला काहीच नाही, हे पटेना. गेल्या मे महिन्यात मी फोटोग्राफर घेऊन आलो तेव्हा तुम्ही देहूला गेला होता. स्टेशनवरून चाँदभाईच्या टांग्याने तळ्यावर गेलो. मी विचारले, “हे काय आहे?” चाँदभाई म्हणाला, “लय जुनं हाय साहेब.” त्याने जुने म्हटले, मी फक्त सातवाहन घातले.

आणि जाखाई म्हणजे यक्षी हे माझ्या डोक्यातले नव्हे. मोठे विद्वानही तसे म्हणतात. तेवढे तरी गुण द्या.

आता अडचण अशी की, आमच्या पुराणवस्तु-प्रेमी मंडळाने पुस्तक वाचले. अध्यक्ष रावसाहेब वाचून इतके हेलावले की त्यांनी यक्षीची मूर्ती पाण्यातून सोडवून पुण्याला आणायचा ठराव केला. मंडळाच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवणार, खाली पाटी आणि वर विजेचा दिवा. वृत्तपत्रात बातमीही आली. मी मंडळाचा चिटणीस. येत्या २ जूनला आम्ही येतो. एक बैलगाडी आणि चार माणसे तेवढी तुम्ही पाहावीत. तुम्हीच म्हणता, ती वर्षातले बहुतेक दिवस पाण्यात असते. तिचे भले होईल.

तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. डोण आणि विडी ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. माजघराचे आले तेव्हा पदर खाली घेतला. त्या दिवशी जेवली नाही. बाळंतपणाची खोली छापून आली याचा तिला राग आला असणार. मी क्षमा मागितली, तर म्हणाली, “त्ये राहू दे. रखमाला इचार, देवळीला काजळी हाय का अजून.” काय उत्तर देऊ?

आपला,
महिपती


नवी वाडी
ता. १६ मे १९३८

चि. महिपतीस आशीर्वाद.

यक्षीचे गुण दिले. पासापुरते.

काकूला सांग, देवळी जागेवर आहे. काजळी पाण्याने धुऊन नेली. आणखी काही विचारू नकोस आणि सुचवूही नकोस. तुला कोणी सांगितले नसेल. देवीच्या ओटीचे लुगडे गुरवाच्या घरात दरवर्षी पाळीने जाते. तू पाच वर्षांचा होतास त्या साली पाळी तुझ्या आईची होती, लुगडे माझ्या आईने घेतले. पैठणी नव्हती, साधे हिरवे लुगडे होते. तुझ्या आईने चौथऱ्यासमोर उभे राहून देवीची आण घेतली की या वाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, आणि त्याच आठवड्यात तुम्ही पुण्याला गेलात. माझी आई वारली तेव्हाही ती आली नाही. आपल्या घराण्यात शब्द फिरवत नाहीत. म्हणून मीही कधी बोलावले नाही, तिचा मान राखला.

आता तुझ्या ठरावाचे. काल दुपारी करंजाच्या झाडाखाली सगळी वाडी जमवली आणि तुझे पत्र वाचले. काचेचे कपाट आणि विजेचा दिवा ऐकून लोक खूश झाले. आपल्या घरांवरच्या पाण्याची वीज मुंबईला जाते, नव्या वाडीत रॉकेलची चिमणी आहे. घरातल्या एकीला तरी विजेचा दिवा मिळणार म्हटल्यावर आनंद होणारच.

कोंडाजी पाटील म्हणाला, “न्हेऊ द्या की. म्हातारी वरीसभर पान्यात बसती. पुन्यात कोरडी तरी ऱ्हाईल.”

त्याची बायको शालूबाई बायकांतून म्हणाली, “आन आमी ओटी भराया आगगाडीनं जायाचं व्हय? तिकीट पाटील काढनार?”

पाटील विडी शोधू लागला.

चाँदभाई उतारू सोडायला आला होता, तोही बसला. तो वाडीचा नाही, पण तुझ्यामुळे त्याचा धंदा विहारावर चालतो. “बाई ग्येली तर इहारात ऱ्हातंय काय? माजा घोडा सातवाहन खानार का?” असे त्याने विचारले. तुझ्या विद्वानांना हे विचारून पाहा.

मग मी सांगितले, जे सगळ्यांना माहीत होते. धरणाचे पाणी यायचे होते त्या साली वडिलांनी देवीला कौल लावला होता. मोगऱ्याच्या दोन ओल्या कळ्या, एक तिच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणते, डावी पडली तर नाही. ‘आमच्याबरोबर वर येतेस का?’ म्हणून विचारले. तीन वेळा डावी पडली. बायका रडल्या, बापे रागावले, पण तिचा शब्द तो शब्द. तिला ठेवून आम्ही वर आलो. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा असेन.

चाँदभाई काडीने दात कोरत ऐकत होता. म्हणाला, “बरं. मंग त्याच्या मागारी?”

“मागारी काय?”

“मागारी पुन्यांदा इचारलं न्हाई कुनी?”

पाटलाने माझ्याकडे पाहिले. मी पागोटे सारखे केले.

“देवाला एकदाच विचारतात,” मी म्हणालो.

“असंल,” चाँदभाई म्हणाला. “आमची हुस्नबानो रुसून म्हायेरी गेली की म्या रोज जाऊन इचारतो, येतीस का म्हनून. धा दिस न्हाई म्हनती. अकराव्या दिशी बोचकं घेऊन टांग्यात बसती. धाव्या दिशी म्या गप बसलो असतो, तर आज तितंच असती.”

लोक हसले. मला हसू आले नाही. तुझ्या ठरावाला मी नकार लिहून आणला होता, तो खिशातच राहिला. वाडीने ठरवले की कौल लावायचा. ती पुण्याला जाते म्हणाली तर गाडी मी जोडून देईन. नाही म्हणाली तर रावसाहेबांनी काचेच्या कपाटात दुसरे काही ठेवावे. तुझे पुस्तक ठेवता येईल.

तुझा,
रखमाजी


पुणे
ता. २० मे १९३८

तीर्थरूप दादा यांस शि. सा. नमस्कार.

कौल लावताय हे वाचून अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा तुमच्या हातात आहे.

मी जन्माने गुरवच आहे. कळी किती ओली चिकटवायची, कोणत्या बाजूला ऊन लागते, दगडाचा उतार कुठे आहे, हे पूजा करणाऱ्याला ठाऊक असते. मी याहून जास्त लिहीत नाही. देवीची इच्छा आणि गुरवाचे बोट यांत अंतर किती, हे तुम्हाला आणि देवीला ठाऊक. रावसाहेबांनी सभेत ‘आमचे तरुण संशोधक’ म्हणून माझा गौरव केला. रिकाम्या हाताने परतलो तर चिटणीसपद जाईल, आणि खरे सांगायचे तर घर त्याच पदावर चालते. सोबतीच्या प्रती दुकानात तशाच पडून आहेत. ज्यांनी घेतल्या ते तुमच्या चौथऱ्यावर बसले होते.

आईची तब्येत बरी नाही. वैद्य म्हणतो उष्णता. अर्धी भाकरी खाते, उरलेली झाकून ठेवते. दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसते. काल मी विचारले, “महाबळेश्वरला हवापालटाला जायचे का?” ती म्हणाली, “इचारतोस त्ये तरी नीट इचार.” यात नीट नव्हते ते काय, मला समजले नाही. महाबळेश्वर दूर पडते, माथेरान म्हणायला हवे होते की काय?

आपला,
महिपती


नवी वाडी
ता. २६ मे १९३८

चि. महिपतीस आशीर्वाद.

तुझ्या सूचनेसाठी आभारी आहे. पुण्यात राहूनही तू गुरवकी विसरला नाहीस, पाहून बरे वाटले. तुझे पत्र आल्यावर मी ठरवले की कौल सूर्य वर यायच्या आधी लावायचा, म्हणजे उन्हाला बोलायची संधी नको. कळ्या पाटलाने एकाच तांब्यात बुडवल्या आणि शालूबाईने हातात दिल्या. बोट माझे होते. त्याला काय करावे, ते हातालाच असते.

सोमवारी उजाडताना सगळी वाडी तळ्यात उतरली. चाँदभाई घोडा सोडून आला आणि जोडे काढून लांब उभा राहिला. तुझे मुंबईकर तसे उभे राहिले असते तर मी त्यांना सातवाहनही मान्य केले असते.

मी विचारले, “आई, पुण्याला जातेस का? कपाट आहे, दिवा आहे.” बराच वेळ गेला. डावी पडली. बायकांनी हात जोडले. पाटील म्हणाला, “झालं. ऱ्हाऊ दे हितंच.”

इथेच संपायचे. मी परडी उचललीही होती. पण चाँदभाईचा प्रश्न त्याच्या घोड्यासारखा माझ्या डोक्यात टापा आपटत होता. मी पुन्हा दोन कळ्या लावल्या आणि विचारले, “मग इथेच राहतेस ना?”

डावी पडली.

शालूबाई म्हणाली, “आगं बया.” पाटील खाली बसला. पुण्याला जायचे नाही आणि इथे राहायचे नाही, मग म्हातारीला पाहिजे काय, असे त्याच्या तोंडावर लिहिले होते. आता विचारायचे उरले होते ते एकच. वडिलांनी विचारलेलेच शब्द होते ते. “आमच्याबरोबर वर येतेस का?”

महिपती, उजवी कळी मी हात मागे घ्यायच्या आत पडली. माझ्या मनगटावर पडली.

आम्ही तिची आज्ञा पाळत होतो. मोठ्या भक्तीने पाळत होतो. पावसाळ्यात काठावर उभे राहून आरती म्हणायचो आणि एकमेकांना सांगायचो की पाहा, आपली देवी कशी हट्टी, शब्दाची पक्की. ती पहिल्या वर्षी रुसली असेल, दुसऱ्या वर्षी निवळली असेल आणि तेव्हापासून गळाभर पाण्यात बसून वाट पाहत असेल की हे शहाणे एकदा तरी विचारतील. तुझ्या सोबतीत हे घालायला हरकत नाही. मावळच्या लोकांचे वैशिष्ट्य म्हणून. राजमाचीच्या खाली जागा आहे.

गाडी मी जोडणार आहे, पण पुण्यासाठी नाही. रावसाहेबांना काय सांगायचे ते तू ठरव. तू कल्पक आहेस.

आणि काकूच्या उष्णतेबद्दल. वैद्याला पैसे देऊ नकोस. माथेरान नको आणि महाबळेश्वरही नको. तिला काही बोलूही नकोस. जे विचारायचे ते मी येऊन विचारतो. पाणी चढायच्या आत विचारले पाहिजे.

तुझा,
रखमाजी


(पोस्टकार्ड)

पुणे, ता. २९ मे १९३८

ती. दादास सा. न. सौ. माहेरी गेली आहे. काल संध्याकाळी छापखान्यातून घरी आलो तो घरात आई नाही, तिची पेटी नाही, भाकरीची टोपली रिकामी. शेजारच्या विठाबाई म्हणतात, पागोटेवाल्या माणसाबरोबर टांग्यात बसून स्टेशनकडे गेली आणि “चांगली हसत व्हती.” पाटावर तुमची चिठ्ठी. तीत एवढेच: ‘काकूला विचारले. हो म्हणाली.’ काय विचारले? ती तर आण घेऊन बसली आहे असे तुम्हीच लिहिलेत. औषध घरीच राहिले आहे. मंडळ गुरुवारी येते, बातमी छापून झाली आहे, मी काय करू? उलट टपाली कळवावे. — महिपती


नवी वाडी
ता. ३१ मे १९३८

चि. महिपतीस आशीर्वाद.

औषध विठाबाईला दे.

काय विचारले म्हणतोस. दारात उभा राहिलो तेव्हा काकू तांदूळ निवडत होती. तीस वर्षांत इतकी लहान झाली आहे की मी आधी तिला शेजारीण समजलो. नमस्कार केला आणि पाणी मागायच्या आधीच विचारले, “काकू, घरी येतेस का?”

ती म्हणाली, “पानी चढलं न्हाई न्हवं अजून?” आणि सूप बाजूला ठेवून पेटी शोधायला लागली.

तेवढेच. इतके सोपे होते. तुला लिहिताना मी केवढा तिचा मान राखत होतो.

आगगाडीत तिला कौलाची हकीकत सांगितली, तरी मला राहवेना. घोरावाडी स्टेशन गेल्यावर मी म्हणालो, “काकू, तुझी आण होती.”

“व्हय.”

“देवीची होती.”

“मंग? देवीनं सोताचा शब्द फिरवला का न्हाई? तूच सांगितलंस. ती फिरवती, तर मी कोन लागून गेले?” थोड्या वेळाने खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “तुजी आई मेली तवा म्या दोन दिस पेटी भरून बसले व्हते. वाटलं, कुनी तरी न्ह्याया येईल.”

कोणी आले नाही. कोणी म्हणजे मी. आपल्या घराण्यात शब्द फिरवत नाहीत असे मीच तुला कळवले होते, ते वाक्य आता खोडून टाक.

लोणावळ्याला चाँदभाई टांगा घेऊन उभा होता. रस्ताभर त्याने तिला विहाराची माहिती सांगितली. सवय. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आन त्या मोठ्या भिक्षूचं लगीन झालं का न्हाई?” चाँदभाईने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “पुण्यात झालं. चिटणीस आहे.”

काल सकाळी आम्ही काकूला तळ्यात उतरवले. चिखल वाळून भेगाळला आहे, तरी डोलीची तयारी ठेवली होती. ती बसली नाही. काठी टेकत, जोत्यावरून जोत्यावर, कोणाचे कोणते घर ते नावे घेत गेली. दोन घरे मी विसरलो होतो. तुमच्या माजघराच्या उंबऱ्याशी थांबली, उंबरा नाही तरी पाय उचलून आत गेली. देवळीत बोट फिरवले. आतल्या वरच्या कडेला, जिथे पाण्याचा हात नीट पोचत नसावा, तिथे बोट काळे झाले. मी तुला काजळी नाही असे लिहिले होते. मी बाहेरूनच पाहिले होते. ते बोट तिने पुसले नाही, दिवसभर तसेच ठेवले.

मग दिवा लावला. सतरंजीवाल्यांतले काही जण आले होते. त्यातल्या एकाने हळूच विचारले की ही उपासिका आहे का. पाटील म्हणाला, “घरमालकीन हाये. जोडे काडा.” त्यांनी काढले.

देवीला हलवायला सहा माणसे लागतील असा अंदाज होता. चौघांनी उचलली. कळ्या पुन्हा लावल्या नाहीत. तिने एकदा हो म्हटल्यावर परत परत विचारून तिला भंडावायचे नाही, एवढे आता मला समजते. शालूबाईने ओटी भरली, नवे लुगडे, पुन्हा हिरवेच. ओटीनंतर ते कोणाच्या हातात द्यायचे म्हणून ती माझ्या बायकोकडे, नंदाकडे पाहू लागली. नंदाने ते काकूच्या पदरात टाकले. म्हणाली, “पाळी तुमची हाय.” काकू म्हणाली, “लय उशीर केलासा.” आणि तिथेच नेसत्या लुगड्यावरून ते खांद्यावर घेतले.

बैलगाडीत पेंढा घातला, पेंढ्यावर देवी. काकूला टांग्यात बसायला सांगितले तर म्हणाली की देवी हेलकाव्याने पडेल, कोणी तरी धरायला पाहिजे. बसली शेजारी, एक हात तिच्या खांद्यावर टाकून. देवीला खांदा आहे हे मला काल दिसले. तुझी यक्षी असेलही बाबा. चढणीला बैल अडले तेव्हा पाटलाने मागून गाडी ढकलली आणि चाँदभाई ओरडला, “घाटाचं विंजन लागलं.” तुझ्या पुस्तकातले तेवढेच वर्णन आम्हाला उपयोगी पडले.

आता तुझ्या अडचणीचे. रावसाहेबांना घेऊन खुशाल ये. चौथरा रिकामा आहे, तो मोजायला, फोटो काढायला हरकत नाही. डोणही दाखवू. बातमीत लिही की यक्षी पाण्यातून सुटली, ठराव पूर्ण झाला. खोटे नाही. कुठे गेली हे रावसाहेबांनी विचारले तर माझ्या ओसरीवर आण. देऊळ होईपर्यंत ती तिथेच आहे. चहा मिळेल, कपाट मिळणार नाही. चिटणीसपद गेले तर इथल्या शाळेला भूगोल शिकवणारा हवा आहे, पण राजमाची उत्तरेला परत आणावी लागेल.

आईला पुण्याला न्यायच्या तयारीने येणार असशील तर पेटीला हात लावायच्या आधी तिला विचार. नाही म्हणाली तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचार.

ती आज दोन भाकऱ्या जेवली. मी आज काठावर गेलो नाही. फुलांची परडी घेऊन सवयीने निघालो होतो, अंगणातूनच मागे फिरलो. दोघी ओसरीवर होत्या, एक शेंदूर वाळवत, एक लुगडे वाळवत. परडी तिथेच ठेवली. चोवीस वर्षांपूर्वी वडिलांनी जिला एकदा विचारून सोडून दिले होते आणि तीस वर्षांपूर्वी आम्ही जिला विचारलेही नव्हते, त्या दोघींना मी वर आणले आहे.

तुझा,
रखमाजी